ईपीएबीएक्स बदलण्याआधी ठरवा: चौथ्या घंटीनंतर फोन कोणाचा?

तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. बेळगावच्या उद्यमबागेत तुमची फाउंड्री आणि मशीन शॉप आहे. ऑफिसात दोन लँडलाइन, बारा एक्स्टेंशन म्हणजे आतले टेलिफोन, आणि या दोन्हींना जोडणारा डबा, म्हणजे जुना ईपीएबीएक्स. रिसेप्शनच्या मॅडम जेवायला गेल्या की फोन वाजून वाजून बंद होतो. नव्या दोन टेलिफोनवरून कॉल ट्रान्सफर करायला गेलं की समोरच्याचा फोन कट होतो. मध्यंतरी लाइन तांब्याच्या तारेवरून फायबरवर आल्या, तेव्हापासून नंबर दिसत नाही, आणि कधीकधी कोणी बोलत नसतानाही लाइन बिझी राहते. विक्रेता म्हणतो, हा डबा काढा, इंटरनेटच्या तंत्रावर चालणारी आयपी सिस्टिम घ्या. तुमचा प्रश्न, घ्यावी का? आणि रेकॉर्ड केलेला संदेश कोणत्या भाषेत ठेवावा?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मी बरीच वर्षं ईपीएबीएक्स बसवतो आणि दुरुस्त करतो. त्या अनुभवावरून सांगतो: तुमच्या चार तक्रारींतल्या तीन सेटिंगच्या आहेत. चौथी, म्हणजे जेवणाच्या वेळी फोन न उचलला जाण्याची, मशीनची नाहीच. मॅडम जागेवर नसताना फोन कोणी घ्यायचा हे तुमच्या ऑफिसात कोणी ठरवलेलंच नाही. ते ठरवल्याशिवाय दोन लाखांची सिस्टिम आणली तरी तीही रिकाम्या खुर्चीसमोर वाजत राहील. म्हणून खरेदीचा विचार शेवटी करू.

एक अट आधीच सांगून ठेवतो. कोणतं बटण, कोणता कोड हे मॉडेलवर अवलंबून असतं. पॅनासॉनिकचे कोड वेगळे, मेट्रिक्सचे वेगळे, सिंटेलचे वेगळे. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. त्यामुळे मी कोड देत नाही, सेटिंगचं नाव आणि त्यामागचं कारण देतो. नाव माहीत असलं की मॅन्युअलमध्ये ते दोन मिनिटांत सापडतं.

ट्रान्सफरपासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यात सोपं आहे. टेलिफोनवरचं फ्लॅश किंवा आर लिहिलेलं बटण दाबलं की टेलिफोन लाइन अगदी थोडा वेळ तोडतो आणि परत जोडतो. एवढ्या वेळाची तूट म्हणजे फ्लॅश आणि त्याहून जास्त म्हणजे रिसीव्हर खाली ठेवला, असा हिशेब ईपीएबीएक्समध्ये ठरलेला असतो. बाजारातले टेलिफोन १००, ३०० किंवा ६०० मिलिसेकंदांचा फ्लॅश देतात. तुमच्या ईपीएबीएक्सची कमाल मर्यादा ४०० असेल आणि नवा टेलिफोन ६०० चा फ्लॅश देत असेल, तर ईपीएबीएक्सला वाटतं माणसाने फोन ठेवला, आणि कॉल कट होतो. उलट असेल, म्हणजे टेलिफोन १०० देतो आणि ईपीएबीएक्सला किमान ३०० हवे, तर बटण दाबूनही काहीच घडत नाही. यावरून निदान आपोआप होतं: कट होत असेल तर टेलिफोनचा वेळ जास्त आहे, काहीच होत नसेल तर कमी आहे. तुमच्याकडे कट होतो आणि तोही फक्त नव्या दोन टेलिफोनवर, म्हणजे जवळजवळ नक्की हेच कारण. टेलिफोनच्या खालच्या बाजूला छोटा स्विच किंवा मेन्यूत फ्लॅश टाइम असेल, तो कमी करून पाहा. तशी सोय नसेल तर ईपीएबीएक्समध्ये त्या एक्स्टेंशनचा हुक फ्लॅशचा वेळ वाढवा. आणि फ्लॅश बटण सोडून हाताने हुक टपकन दाबायची सवय कोणाला असेल तर ती मोडा. हाताने नेमका वेळ साधत नाही.

ट्रान्सफरची पद्धतही एकदा सगळ्यांना बसवून शिकवा. फ्लॅश दाबायचा, आतला टोन ऐकायचा, एक्स्टेंशन नंबर फिरवायचा, समोरच्याला "कोल्हापूरच्या पार्टीचा फोन आहे, कास्टिंगच्या डिस्पॅचबद्दल विचारतायत" असं सांगायचं आणि मगच रिसीव्हर ठेवायचा. घाईत न सांगता ट्रान्सफर केला तरी चालतो, पण तेव्हा ट्रान्सफर रिकॉल चालू असलाच पाहिजे. पलीकडे ठरलेल्या वेळात कोणी उचललं नाही तर फोन परत पाठवणाऱ्याकडे यायला हवा. मी तो वेळ सहसा २० ते ३० सेकंद ठेवतो. रिकॉल बंद असेल तर गिऱ्हाईक संगीत ऐकत बसतं आणि कोणाला पत्ताच नसतो.

आता फायबरचा भाग. पूर्वी तांब्याच्या तारांची जोडी थेट टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजपर्यंत जायची. आता तुमच्या भिंतीवरचा फायबर मोडेमच छोटं एक्स्चेंज झाला आहे. त्याच्या फोन पोर्टमधून निघालेली तार तुमच्या ईपीएबीएक्सच्या ट्रंक पोर्टला, म्हणजे बाहेरची लाइन जोडायच्या जागेला, जाते. नंबर तोच राहिला तरी विजेच्या भाषेत लाइन बदलली आहे, आणि तुमचा डबा अजून जुन्या लाइनच्या सेटिंगवर चालला आहे.

नंबर न दिसण्याचं कारण इथेच आहे. आपल्याकडे तांब्याच्या लाइनवर कॉल करणाऱ्याचा नंबर बऱ्याच ठिकाणी डीटीएमएफ पद्धतीने (बटण दाबल्यावर ऐकू येतात तशा टोनने), पहिल्या घंटीच्या आधी यायचा. फायबर मोडेम तो बहुधा एफएसके या दुसऱ्या संकेत-पद्धतीने, पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मध्ये पाठवतात. ट्रंकच्या सेटिंगमध्ये कॉलर आयडीचा प्रकार बदलून पाहा. एक साधा टेलिफोन थेट मोडेमला लावून त्याच्यावर नंबर दिसतो का, हे आधी तपासा. तिथेच दिसत नसेल तर दोष तुमच्याकडचा नाही, कंपनीला सांगून ती सेवा चालू करून घ्यावी लागेल. हे काम पुढे ढकलू नका. नंबर दिसला तरच चुकलेल्या पार्टीला परत फोन करता येतो.

लाइन अडकून राहण्याचंही मूळ तेच. बाहेरच्याने फोन ठेवला हे ईपीएबीएक्सला कळायला काही खूण लागते: लाइनची ध्रुवता उलटणे, लाइन क्षणभर तुटणे, किंवा बिझी टोन. आपल्या देशात बिझी टोन ४०० हर्ट्झचा, ०.७५ सेकंद चालू आणि ०.७५ सेकंद बंद असा असतो. जुनी लाइन ध्रुवता उलटून सांगत असेल आणि नवा मोडेम फक्त टोन देत असेल, तर डबा कायम वाट पाहत राहतो. माणूस बोलत असेल तर तो फोन ठेवतो आणि प्रश्न मिटतो. पण रेकॉर्ड केलेल्या संदेशाने उचललेला किंवा मोबाइलवर फॉरवर्ड झालेला कॉल अडकतो. बिझी टोन ओळखण्याची सेटिंग चालू करा आणि असं तपासा: मोबाइलवरून ऑफिसला फोन लावा, संदेशाने उचलू द्या, मोबाइलवर कट करा आणि ऑपरेटरच्या फोनवरचा लाइनचा दिवा किती वेळ जळतो ते पाहा. अर्ध्या मिनिटाच्या वर जळत राहिला तर ओळख होत नाही असं समजा. शिवाय बाहेरून आलेला कॉल बाहेरच जात असेल तर त्याला कमाल वेळेची मर्यादा घाला, म्हणजे वाईटात वाईट परिस्थितीतही लाइन काही मिनिटांनी मोकळी होईल.

फायबरने आणखी एक बदल केला आहे आणि तो पहिल्या मोठ्या पावसात कळतो. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट मिळायचे, म्हणून हेस्कॉमची वीज गेली तरी फोन चालू असायचा. बऱ्याच ईपीएबीएक्समध्ये वीज गेल्यावर एक लाइन थेट एका टेलिफोनला जोडायची सोय असते, ती याच भरवशावर केलेली. आता मोडेम बंद म्हणजे लाइन बंद. ईपीएबीएक्सला यूपीएस असून उपयोग नाही, मोडेमही त्याच यूपीएसवर घ्या. ही जोडणी विजेच्या साध्या एक्स्टेंशन बोर्डाने होते, पण मला दिसणाऱ्या ऑफिसांत ती निम्म्यांनीसुद्धा केलेली नसते. फायदा एवढा की काचेच्या तंतूतून वीज येत नाही, त्यामुळे एप्रिल-मेच्या वळवात ट्रंक कार्ड जळण्याचा धोका कमी झाला. पण ऑफिसातून भट्टीच्या शेडपर्यंत उघड्यावरून गेलेली एक्स्टेंशनची केबल अजून तांब्याचीच आहे. तिला दोन्ही टोकांना क्रोन बॉक्समध्ये, म्हणजे तारा जोडायच्या डब्यात, संरक्षण मोड्यूल आणि चांगलं अर्थिंग द्या.

आता मुख्य गोष्ट: फोन कोणी उचलायचा. यासाठी मी पहिल्या दिवशी प्रोग्रॅमिंगला हात लावत नाही, एक कागद घेतो. बाहेरून फोन आला, मॅडम जागेवर आहेत, मग काय? मॅडम दुसऱ्या फोनवर आहेत, मग? जागेवर नाहीत, मग? संध्याकाळी सहानंतर? रविवारी? प्रत्येक प्रश्नासमोर विभागाचं नव्हे, माणसाचं नाव लिहायचं. मालक इथे थोडे अडखळतात, कारण "कोणीतरी घेईल" हे उत्तर कागदावर लिहिता येत नाही. माझ्या मते या कामातला सगळ्यात मोलाचा अर्धा तास तो.

तुमच्या माणसांच्या संख्येवरून मी असं सुचवेन. पहिल्या चार घंट्या मॅडमच्या टेबलावर. आपल्याकडची घंटी ०.४ सेकंद वाजते, ०.२ थांबते, पुन्हा ०.४ वाजते आणि मग २ सेकंद गप्प राहते, म्हणजे एक फेरी तीन सेकंदांची. चार घंट्या म्हणजे बारा सेकंद. मग हंट ग्रुपने, म्हणजे टेलिफोनांचा गट करून, डिस्पॅच आणि खरेदी या दोन टेबलांवर एकदम, आणखी बारा सेकंद. अकाउंट्सला यात घालू नका. त्यांचं काम मोडतं आणि त्यांना उत्तरही देता येत नाही. मॅडम फोनवर असतील तर बारा सेकंदांची वाट न पाहता कॉल थेट ग्रुपकडे जावा, म्हणून बिझी आणि नो आन्सर अशी दोन वेगळी फॉरवर्ड सेटिंग करा. सगळे कॉल सरसकट फॉरवर्ड करायची सेटिंग मात्र रिसेप्शनच्या टेलिफोनवर कधीच ठेवू नका. कोणी लावून विसरलं तर दिवसभर मॅडम मोकळ्या आणि फोन दुसरीकडे.

चोवीस सेकंदांनंतर काय? बहुतेक मालक म्हणतात, माझ्या मोबाइलवर पाठवा. इथे एक हिशेब ध्यानात घ्या. दूरसंचार नियामक ट्रायने नोव्हेंबर २०१९ मध्ये न उचललेल्या कॉलची घंटी मोबाइलवर ३० सेकंद आणि लँडलाइनवर ६० सेकंद वाजेल असं ठरवून दिलं. २४ सेकंद ऑफिसात गेले, मोबाइलला कॉल लागायला पाच-सहा सेकंद आणि मोबाइलवरचे तीस, म्हणजे बेरीज साठपर्यंत पोचली. ईपीएबीएक्सने मूळ कॉल उचलला नसेल तर तुम्ही खिशातून मोबाइल काढेपर्यंत पार्टीकडचा फोन बंद पडलेला असतो. म्हणून २४ सेकंदांनंतर आधी रेकॉर्ड केलेल्या संदेशाने कॉल उचलू द्या आणि मग मोबाइलकडे पाठवा. एकदा उचलला की साठ सेकंदांची मर्यादा लागत नाही. यासाठी दुसरी लाइन मोकळी असावी लागते, कारण एक लाइन आत आणि एक बाहेर अशी दोन्ही गुंततात. तुमच्याकडे दोनच लाइन आहेत, म्हणून मोबाइल फॉरवर्ड फक्त रात्री आणि सुट्टीला ठेवा. दिवसा २४ सेकंदांनंतर संदेश आणि परत ग्रुप, एवढं पुरे.

सुट्टीचं कॅलेंडर नीट भरा. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी असते, पण तुमच्या कोल्हापूर-पुण्याच्या पार्ट्या त्या दिवशी कामावर असतात आणि फोन करतात. सीमेवरच्या ऑफिसांत हे हमखास सुटतं.

संदेशाच्या भाषेबद्दल तुम्ही विचारलंत. हा आपल्या भागातला नाजूक आणि महत्त्वाचा भाग आहे, म्हणून थोडं सविस्तर. "कन्नडसाठी एक, मराठीसाठी दोन, हिंदीसाठी तीन" असा भाषेचा मेन्यू करू नका. तो ऐकण्यातच पंधरा सेकंद जातात, आणि शेवटी फोन उचलणारी माणसं तीच, त्यांना दोन्ही भाषा येतातच. त्यापेक्षा कंपनीचं नाव एकदा घ्या आणि लगेच काम सांगा: आधी कन्नडमध्ये "डिस्पॅचिगागि ओंदु ओत्ति", पाठोपाठ मराठीत "डिस्पॅचसाठी एक दाबा". बटण एकच, भाषा दोन. दोनपेक्षा जास्त पर्याय देऊ नका, आणि काहीच दाबलं नाही तर फोन दिवसा परत ग्रुपकडे जावा. हिंदीवाला माणूस आकडा ऐकून बटण दाबतो, नाहीतर वाट पाहतो. त्याचं अडत नाही. कन्नड भाग कन्नड घरातल्या सहकाऱ्याच्या आवाजात आणि मराठी भाग मराठी घरातल्या माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करा. दोघंही आपल्याच ऑफिसातले असावेत. बैलहोंगलच्या माणसाला आणि चंदगडच्या माणसाला, दोघांनाही पहिल्या वाक्यात आपलेपणा वाटतो, आणि धंद्यात त्याची किंमत मोठी आहे. आणि हा संदेश दिवसा पहिल्या घंटीला लावू नका. दिवसातून पाच वेळा फोन करणाऱ्या पार्टीला माणसाचाच आवाज मिळाला पाहिजे.

आतल्या माणसांना दोनच गोष्टी शिकवा. पहिली, ग्रुप पिकअप: शेजारच्या टेबलावर फोन वाजतोय तर उठून धावायचं नाही, आपल्याच टेलिफोनवरून पिकअप कोड दाबून तो घ्यायचा. दुसरी, कॉल पार्क. फाउंड्रीत तर ती असायलाच हवी. भट्टीवरच्या सुपरवायझरसाठी फोन आला तर तो पार्क करायचा, म्हणजे कुठल्याही टेलिफोनवरून उचलता येईल असा थांबवून ठेवायचा, स्पीकरवरून त्याला पुकारायचं आणि तो जिथे असेल तिथल्या जवळच्या टेलिफोनवरून त्याने उचलायचा. शेडमध्ये मोठ्या आवाजाची बाहेरची घंटी लावा. मोल्डिंगच्या आवाजात टेबलावरचा टेलिफोन ऐकू येत नाही. बाकी पन्नास सोयी मॅन्युअलमध्ये असतील, त्या राहू द्या.

तुम्ही न विचारलेली, पण तुमच्याकडे नक्की असणारी एक अडचण सांगतो. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावा लागतो. तुमचा ईपीएबीएक्स त्याआधीचा आहे. बाहेरची लाइन घ्यायला शून्य असेल तर आता दोन शून्य लागतात, आणि माणसं एकच दाबून "लाइन खराब आहे" म्हणतात. शिवाय जुन्या काळी एसटीडी बंद ठेवायला शून्यच अडवून ठेवलेला असायचा, त्यामुळे त्या एक्स्टेंशनवरून आता मोबाइलही लागत नाही. काही जण ०२ अडवतात, मग कोल्हापूरचा ०२३१ आणि पुण्याचा ०२० बंद होतो. ०८ अडवलं तर ०८३१ चं बेळगाव, ०८३६ चं हुबळी आणि ८ ने सुरू होणारे सगळे मोबाइल एकदम जातात. तुमच्या प्लॅनमध्ये देशातले कॉल अमर्याद असतील तर हा खटाटोप सोडा आणि फक्त ०० म्हणजे परदेशी कॉल अडवा. ईपीएबीएक्समध्ये कॉलचा मार्ग आपोआप निवडण्याची सोय असेल तर दहा आकडी मोबाइल नंबराआधीचा शून्य आपोआप लागेल असं करून घ्या.

सुरक्षेचं थोडक्यात: बाहेरून फोन करून आतून पुढे बाहेर कॉल लावायची सोय, म्हणजे डिसा, वापरत नसाल तर बंद ठेवा. प्रोग्रॅमिंगचा पासवर्ड कारखान्यातून आलेला तसाच असेल तर आजच बदला. आणि मोबाइलवर कोणी अनोळखी "हा कोड दाबा" म्हणून *४०१* ने सुरू होणारा नंबर सांगितला तर दाबू नका. त्याने तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात. याच फसवणुकीमुळे दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशी यूएसएसडी, म्हणजे कोड दाबून होणारी, कॉल फॉरवर्डिंग थांबवायला सांगितलं होतं.

मग आयपी सिस्टिम कधी घ्यावी? तुमची दुसरी शाखा बेळगावजवळच्या होनग्याला किंवा कोल्हापूरला निघाली आणि दोन्हीकडे एकच इंटरकॉम हवा असेल, बाहेर फिरणाऱ्या सेल्सच्या माणसाला मोबाइलवर ऑफिसचं एक्स्टेंशन द्यायचं असेल, किंवा तुमच्या डब्याचं कार्ड बाजारात मिळेनासं झालं असेल, तर घ्या. तेव्हा लाइन परवानाधारक कंपनीचीच घ्या, आणि सिस्टिम इंटरनेटला उघडी ठेवून साधे पासवर्ड लावणाऱ्या माणसाला काम देऊ नका, नाहीतर एका रात्रीत परदेशी कॉलचं बिल उभं राहतं. बारा एक्स्टेंशनच्या एका ऑफिसला आज त्याची गरज मला दिसत नाही. लँडलाइन बंद करून सगळं मोबाइलवर न्यायचा विचार असेल तर तोही करू नका. तुमचा नंबर बिलांवर, बोर्डावर, पार्ट्यांच्या डायऱ्यांत आहे. पार्ट्या सेल्समनच्या स्वतःच्या मोबाइलवर बोलायला लागल्या की तो सोडून गेल्यावर त्याही त्याच्याबरोबर जातात.

कामाचा क्रम असा ठेवा: आज फ्लॅशचा वेळ आणि मोडेमचं यूपीएस, उद्या कॉलर आयडी आणि बिझी टोन, मग कागदावर माणसांची नावं, आणि त्यानंतरच हंट ग्रुप व संदेश. एका वेळी एकच बदल करा आणि तपासून मगच पुढचा घ्या, म्हणजे काही बिघडलं तर कशाने ते कळेल. सुरू करण्याआधी सध्याचं प्रोग्रॅमिंग संगणकावर किंवा कागदावर उतरवून घ्या. पासवर्ड विक्रेत्याकडे नव्हे, तुमच्याकडे असू द्या. विक्रेता तो देत नसेल तर डबा बदलण्याआधी विक्रेता बदला.

डब्याच्या आतल्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर, ट्रंक आणि एक्स्टेंशन कार्डांची संख्या आणि फायबर मोडेमचं मॉडेल एवढं इथेच लिहा. त्यावरून कोणत्या मेन्यूत काय बदलायचं ते नेमकं सांगतो.